कारखान्याची घोषणा आणि जमिनीचा भाव

प्रतिनिधी

एखादी मोठी कंपनी आपल्या जिल्ह्यात कारखाना उभारणार, अशी बातमी प्रसिद्ध झाली की, त्या परिसरातील रस्त्यांच्या कडेला प्लॉटविक्रीचे फलक झळकू लागतात. ‘कंपनीपासून दहा मिनिटांवर’, ‘आज गुंतवा, दोन वर्षांत दुप्पट’ अशा मजकुराच्या जाहिराती शहरातल्या नोकरदारांपर्यंत पोहोचतात. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम, मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेली ठेव किंवा गृहकर्ज अशा मार्गांनी उभा केलेला पैसा मग त्या गावातल्या दोन-चार गुंठ्यांत किंवा अर्धवट बांधलेल्या इमारतीतील सदनिकेत अडकतो.

उद्योगांच्या विस्ताराबरोबर आसपासच्या जमिनीला भाव येतो, हे खरेच आहे. मात्र भाव वाढतो तो घोषणेच्या दिवशी, आणि घराला भाडेकरू मिळतो तो कामगाराच्या हातात पगार पडू लागल्यावर. या दोहोंमध्ये अनेकदा पाच-सात वर्षांचे अंतर पडते. कधी हे अंतर कधीच भरून निघत नाही. ते अंतर स्वतःच्या खिशातून पार करण्याची ऐपत आपल्यात आहे काय, हा या गुंतवणुकीतील कळीचा प्रश्न होय.

चाकण एका दिवसात घडले नाही

पुणे-नाशिक महामार्गावरील चाकण हे एकेकाळी कांदा-बटाट्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने म्हणजेच एमआयडीसीने येथे टप्प्याटप्प्याने भूसंपादन केले. बजाज ऑटोचा कारखाना गेल्या शतकाच्या अखेरीस येथे आला. त्यानंतर २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझने पिंपरीतून आपले उत्पादन चाकणला हलविले. पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, महिंद्रचा कारखाना कार्यान्वित झाला.

या नावांमुळे चाकण देशाच्या नकाशावर आले. परंतु तेथील घरांना मागणी निर्माण केली ती प्रामुख्याने या कंपन्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या शेकडो लहान-मध्यम कारखान्यांनी, गोदामांनी आणि वाहतूक व्यावसायिकांनी. आधुनिक मोटार कारखान्यात वेल्डिंग व रंगकामाचा मोठा भाग यंत्रमानव करतात. त्यामुळे हजारो कोटींच्या गुंतवणुकीचा आकडा आणि प्रत्यक्ष रोजगाराचा आकडा यांचे प्रमाण दिवसेंदिवस व्यस्त होत चालले आहे. म्हणून कंपनी किती कोटी गुंतविणार, यापेक्षा तिचे पुरवठादार तिच्याबरोबर येणार काय, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

चाकणचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे तेथील मागणी एका कारखान्यावर अवलंबून नाही. एका कंपनीची विक्री घटली तरी दुसरीचे काम सुरू असते. अनेक खांबांवर उभे असलेले औद्योगिक क्षेत्र आणि एकाच खांबावर उभे असलेले क्षेत्र यांतील फरक गुंतवणूकदाराने सर्वप्रथम ओळखला पाहिजे.

भाववाढीचे तीन टप्पे

औद्योगिक परिसरातील जमिनीचा भाव साधारणतः तीन टप्प्यांत बदलतो. पहिला टप्पा घोषणेचा. या काळात व्यवहार होतात ते मुख्यतः दलाल आणि गुंतवणूकदार यांच्यात. प्रत्यक्ष राहणारा कोणीच नसतो. भाव झपाट्याने चढतो, पण तो केवळ अपेक्षेचा भाव असतो.

दुसरा टप्पा बांधकामाचा. कारखान्याची उभारणी सुरू होते, बांधकाम मजूर आणि कंत्राटदारांचे अभियंते परिसरात येतात, खोल्यांना भाडेकरू मिळू लागतात. ही मागणी खरी असली तरी तात्पुरती असते. काम संपले की ही मंडळी पुढच्या प्रकल्पावर निघून जातात. दुसऱ्या टप्प्यातील भाडे कायमचे समजून कर्जाचे हप्ते बेतणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

तिसरा टप्पा उत्पादनाचा. पहिली पाळी सुरू होते, मग दुसरी. पुरवठादार येतात, शाळा, दवाखाने, दुकाने उभी राहतात. घरांना स्थिर मागणी येते ती या टप्प्यात. या वेळी खरेदी करणाऱ्याला जमीन स्वस्त मिळत नाही, हे उघड आहे. पण तो जे विकत घेतो ते डोळ्यांना दिसते. पहिल्या टप्प्यात खरेदी करणारा मात्र स्वस्ताईच्या बदल्यात पुढील सर्व अनिश्चिततेचा धनी होतो.

करार म्हणजे कारखाना नव्हे

सामंजस्य करार, जागेची पाहणी, जमिनीचे वाटप आणि उत्पादन हे चार निरनिराळे मुक्काम आहेत. पहिल्यावरून चौथ्यावर पोहोचण्यापूर्वी प्रकल्पांची वाट कशी बदलते, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत.

पश्चिम बंगालमधील सिंगूर येथे टाटा मोटर्सच्या नॅनो प्रकल्पासाठी भूसंपादन झाले, कारखान्याच्या इमारती उभ्या राहिल्या, पुरवठादारांनीही बांधकाम सुरू केले. तरीही शेतकऱ्यांच्या आंदोलनानंतर ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने तेथून काढता पाय घेतला आणि काही दिवसांतच गुजरातमधील साणंदची निवड जाहीर केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सिंगूरचे भूसंपादनच रद्द ठरविले. म्हणजे इमारत उभी राहिली तरी प्रकल्प होईलच, असे म्हणता येत नाही.

तळेगावच्या वाट्यालाही असाच अनुभव आला. वेदांत आणि फॉक्सकॉन यांच्या सुमारे १ लाख ५४ हजार कोटी रुपयांच्या सेमीकंडक्टर प्रकल्पासाठी तळेगाव परिसराचे नाव आघाडीवर होते. सप्टेंबर २०२२ मध्ये कंपन्यांनी गुजरात सरकारशी करार केला आणि महाराष्ट्रात राजकीय वादळ उठले. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने या भागीदारीतून माघार घेतली. ज्या प्रकल्पाच्या भरवशावर दोन राज्यांत जमिनीचे हिशेब मांडले गेले, तो त्या स्वरूपात कोणत्याच राज्यात उभा राहिला नाही.

तळेगाव : एक कारखाना, तीन अध्याय

मोठा कारखाना आल्यानंतरचा धोका समजून घेण्यासाठीही तळेगावकडेच पाहावे लागते. जनरल मोटर्सने २००८ मध्ये येथे मोटारनिर्मिती सुरू केली. जगातील बलाढ्य कंपनी आली म्हटल्यावर परिसराला झळाळी आली. मात्र या कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबविली. निर्यातीसाठीचे उत्पादन काही काळ सुरू राहिले. डिसेंबर २०२० मध्ये तेही बंद झाले.

तत्पूर्वी, जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने हा कारखाना घेण्याचे जाहीर केले होते. जूनमध्ये राज्य शासनाशी करारही झाला. परंतु सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक करणारा नियम एप्रिल २०२० मध्ये लागू झाला होता. गलवान खोऱ्यातील संघर्षानंतर ही परवानगी मिळणे दुरापास्त झाले आणि २०२२ मध्ये हा व्यवहार बारगळला. अखेर ह्युंदाईने ऑगस्ट २०२३ मध्ये कारखाना खरेदीचा करार केला. तेथून मोटारी बाहेर पडू लागल्या त्या २०२५ मध्ये. म्हणजे मधली जवळजवळ पाच वर्षे या कारखान्यात एकही मोटार तयार झाली नाही.

या पाच वर्षांत तळेगाव ओस पडले नाही, ही बाब तितकीच बोलकी आहे. मुंबई-पुणे महामार्ग व द्रुतगती मार्ग यांचे सान्निध्य, पुणे-लोणावळा लोकल, जुनी वस्ती, शैक्षणिक संस्था आणि परिसरातील इतर उद्योग यांनी गावाला तोलून धरले. कारखान्याविनाही जेथे माणसे राहतील, अशा ठिकाणची गुंतवणूक कारखाना गेल्यावर पूर्णपणे बुडत नाही. याउलट केवळ कंपनीच्या फाटकासमोर, माळरानावर पाडलेल्या प्लॉटला दुसरा आधार नसतो.

तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथेही असेच घडले. तेथील नोकियाचा कारखाना २००६ मध्ये सुरू झाला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला. हजारो हातांचे काम गेले. पण त्याच पट्ट्यात ह्युंदाई आणि इतर अनेक उद्योग असल्याने औद्योगिक परिसर टिकून राहिला. साणंदमध्ये फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केल्यावर तो कारखाना पुढे टाटा समूहाने घेतला. कारखान्याला नवा मालक मिळू शकतो. प्रश्न आहे तो मधल्या रिकाम्या वर्षांत कर्जाचे हप्ते कोण भरणार, हा.

राहायला येतो कोण?

‘हजारो नोकऱ्या’ या शब्दांमागे कोणते लोक आहेत, हे न पाहता दोन-तीन शयनगृहांच्या सदनिकांत पैसे गुंतविणे ही सर्रास होणारी चूक. औद्योगिक पट्ट्यात येणाऱ्यांमध्ये कंत्राटी कामगार आणि शिकाऊ उमेदवार यांची संख्या मोठी असते. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले हे तरुण चार-पाच जण मिळून एक खोली घेतात. त्यांना हवी असते ती कामाच्या जागेजवळची परवडणारी खोली. स्थानिक शेतकऱ्यांनी आपल्याच जागेत बांधलेल्या खोल्यांच्या चाळी ही गरज कमी भाड्यात भागवितात. शहरातून आलेल्या गुंतवणूकदाराची खरी स्पर्धा असते ती या खोल्यांशी.

दुसरीकडे व्यवस्थापक व अभियंते कंपनीच्या बसने ये-जा करणे पसंत करतात. चांगली शाळा, रुग्णालय, बाजार आणि जोडीदाराची नोकरी शहरात असेल, तर ते कुटुंब कारखान्याजवळ न राहता शहराच्या त्या दिशेच्या टोकाला घर घेते. चाकणच्या वाढीचा मोठा लाभ मोशी, भोसरी या पिंपरी-चिंचवडच्या बाजूला झाला, त्याचे कारण हेच. चाकण चौक आणि तळेगाव-चाकण रस्त्यावरील वाहतूक कोंडी सर्वश्रुत आहे. नकाशावर दहा मिनिटांचे वाटणारे अंतर पाळी सुटण्याच्या वेळी तासाभराचे होते. म्हणून जागेची पाहणी रविवारी सकाळी न करता कामाच्या दिवशी संध्याकाळी करावी.

आकडे काय सांगतात?

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, औद्योगिक परिसरात ४० लाख रुपयांची सदनिका घेतली. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी यांसाठी सुमारे पावणेतीन लाख रुपये लागले. त्यापैकी ३० लाख रुपयांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने काढले आणि उरलेले पावणेतेरा लाख रुपये स्वतःचे घातले.

घराला दरमहा ११ हजार रुपये भाडे मिळते, पण वर्षातून एक महिना घर रिकामे राहते, असे धरल्यास वार्षिक भाडे १ लाख २१ हजार रुपये होते. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च १८ हजार आणि मालमत्ता कर ५ हजार वजा केल्यास हाती ९८ हजार रुपये राहतात. म्हणजे किमतीच्या अडीच टक्क्यांहूनही थोडे कमी. पहिल्या वर्षाचे कर्जावरील व्याजच सुमारे अडीच लाख रुपये असते. स्वतःचे पावणेतेरा लाख रुपये बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते, तर आणखी सुमारे ८९ हजार रुपये मिळाले असते.

या सर्वांची गोळाबेरीज केली, तर केवळ तोटा होऊ नये यासाठीही सदनिकेची किंमत वर्षाला सुमारे सहा टक्क्यांनी वाढत राहावी लागते. प्रकल्प तीन वर्षे लांबला की घर तीन वर्षे रिकामे राहण्याची शक्यता असते, आणि मग हेच गणित आणखी बिघडते. रिकाम्या प्लॉटच्या बाबतीत तर भाड्याचा आधारही नसतो. बांधकाम सुरू असलेल्या सदनिकेवर जीएसटीचा भार पडतो. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या सदनिकेवर तो नसतो, हेही ध्यानात ठेवावे.

विक्रीच्या वेळी कर द्यावा लागतो. २४ महिन्यांहून अधिक काळ जवळ बाळगलेली स्थावर मालमत्ता विकल्यास होणाऱ्या दीर्घकालीन नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के दराने कर आकारला जातो आणि महागाई निर्देशांकाचा लाभ मिळत नाही. त्या तारखेपूर्वी खरेदी केलेल्या मालमत्तेसाठी निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना जुन्या पद्धतीचा पर्याय ठेवण्यात आला आहे. जाहिरातीतील ‘दुप्पट’ या शब्दातून व्याज, कर, मुद्रांक शुल्क आणि दलाली वजा केल्यावर काय उरते, ते कागदावर मांडून पाहणेच इष्ट.

सात-बारा नीट वाचा

औद्योगिक पट्ट्यातील सर्वांत मोठी जोखीम बाजारभावात नसून कागदपत्रांत दडलेली असते. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ नुसार एमआयडीसीसाठी भूसंपादन होते. जमीनमालकांना कलम ३२ (२) अन्वये नोटिसा दिल्या जातात, हरकतींची सुनावणी होते आणि कलम ३२ (१) अन्वये अंतिम अधिसूचना निघाली की जमीन शासनाकडे निहित होते. अशा जमिनीच्या सात-बाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात त्याचा शेरा आढळू शकतो. तो न पाहता जमीन घेणाऱ्याच्या पदरी, उद्योगाजवळचा प्लॉट येण्याऐवजी उद्योगासाठी संपादित झालेली जमीन आणि मोबदल्यासाठीचे हेलपाटे पडतात. परिसरात एमआयडीसीचा पुढचा टप्पा प्रस्तावित असेल, तर कोणते गट क्रमांक त्यात येतात, याची चौकशी महामंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात करता येते.

दुसरी अडचण शेतजमिनीची. कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना शेतजमीन खरेदी करता येत नाही. नियम डावलून केलेला व्यवहार अवैध ठरून जमीन शासनजमा होण्याची वेळ येऊ शकते. ‘पुढे बिगरशेती करून देऊ’ या तोंडी आश्वासनाला किंवा नोटरीसमोर केलेल्या करारनाम्याला मालकी हक्काच्या दृष्टीने किंमत नसते.

तिसरा मुद्दा गुंठ्यांचा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेताचे असे तुकडे पाडून विकण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने निर्बंध घातले आहेत. शासनाने वेळोवेळी काही सवलती दिल्या असल्या, तरी सवलतीने नोंदणी झाली म्हणजे रस्ता, पाणी आणि बांधकाम परवानगी मिळाली, असा अर्थ होत नाही. दहा-बारा अनोळखी खरेदीदारांची नावे एकाच सात-बाऱ्यावर सामाईक लावलेली असतील, तर प्रत्येकाचा हिस्सा जागेवर नेमका कोठे आहे, हे ठरविताना वाद उद्भवतात. भोगवटादार वर्ग २ ची जमीन, वतनाची जमीन आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा शेरा असलेली जमीन यांच्या हस्तांतरणावरही निर्बंध असतात.

गृहप्रकल्पांच्या बाबतीत महारेराची नोंदणी हा पहिला निकष. रेरा कायद्याच्या तरतुदी १ मे २०१७ पासून लागू झाल्या. जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक आणि सदनिका आठपेक्षा अधिक असलेल्या प्रकल्पाला नोंदणी बंधनकारक आहे. प्लॉट पाडून विकण्याचे प्रकल्पही रेराच्या कक्षेत येतात. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मुदत, मंजुऱ्या आणि न्यायालयीन वाद यांची माहिती पाहता येते.

नियोजित नगरीचा वेगळा हिशेब

छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा-बिडकीन येथील ऑरिक ही औद्योगिक नगरी सध्या गुंतवणूकदारांच्या चर्चेत आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याचा भाग असलेली ही नगरी सुमारे दहा हजार एकरांवर आखण्यात आली आहे. टोयोटा किर्लोस्कर मोटरने जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाशी सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला आणि बिडकीन परिसराकडे अनेकांच्या नजरा वळल्या.

रस्ते, पाणी, वीज आणि सांडपाण्याची व्यवस्था आधी करून मग भूखंड देण्याची पद्धत ही अशा नगरीची जमेची बाजू. परंतु गुंतवणूकदाराच्या दृष्टीने याला दुसरी बाजूही आहे. नगरीच्या आतच निवासी आणि व्यापारी वापरासाठी नियोजित, निर्वेध भूखंड मोठ्या प्रमाणात उपलब्ध होत असताना तिच्या बाहेरच्या खासगी प्लॉटला चढा भाव का मिळावा? जमीन जेथे मुबलक आहे, तेथे मागणी वाढूनही भाव वाढण्यास दीर्घ काळ लागतो. जुन्या, दाटीवाटीच्या औद्योगिक पट्ट्याचा अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

खरेदीपूर्वी हे तपासा

- प्रकल्प कोणत्या मुक्कामावर आहे : केवळ करार, जमिनीचे वाटप, बांधकाम की उत्पादन?
- परिसरातील रोजगार किती कंपन्यांवर अवलंबून आहे? सर्वांत मोठा कारखाना बंद पडला, तर भाडेकरू कोठून येतील?
- जवळच्या तयार इमारतींत रिकामी घरे किती? संध्याकाळी किती खिडक्यांत दिवे दिसतात?
- मागील ३० वर्षांचा शोध अहवाल, फेरफार, सूची क्रमांक २ आणि झोन दाखला आपल्या वकिलाकडून तपासून घेतला आहे काय? विकसकाने दिलेल्या वकिलाच्या अहवालावर विसंबू नये.
- शासकीय मोजणी झाली आहे काय? प्लॉटपर्यंतचा रस्ता कागदावर आहे की केवळ वहिवाटीचा?
- पाणी नळाचे की टँकरचे?
- भाडे न मिळता तीन वर्षे हप्ते भरता येतील एवढी शिल्लक आहे काय?

यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर बाकीची उत्तरे कितीही अनुकूल असली तरी थांबणे शहाणपणाचे. मोठ्या कंपनीला एक प्रकल्प रखडल्याचा तोटा अनेक देशांतील व्यवसायातून भरून काढता येतो. मध्यमवर्गीय कुटुंबाकडे बहुधा एकच बचत असते. त्यामुळे घोषणेनंतर पहिल्या आठवड्यात विकत घेण्याची घाई करण्याऐवजी पहिली पाळी सुरू होईपर्यंत वाट पाहावी. त्या वेळी चौरस फुटामागे काही रुपये अधिक मोजावे लागतील; पण मोजलेल्या पैशांच्या मोबदल्यात काय मिळते आहे, ते जागेवर जाऊन पाहता येईल.